ताडाच्या उंचीने मोजलेला वेग

डहाणू तालुक्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाशी ४ सप्टेंबर २०२२ च्या दुपारी जो अपघात झाला, त्यातले दोन आकडे बहुतेकांनी वाचले आणि विसरून गेले. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईकडे परतत होते. गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. मागच्या आसनांवरचे मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले, पुढे बसलेले दोघं गंभीर जखमी होऊन वाचले. पुढे गाडी बनवणाऱ्या कंपनीने गाडीतल्या यंत्रणेतली नोंद वाचून पोलिसांना कळवलं की धडकेच्या काही सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि धडकेच्या क्षणी ८९.

शंभरातून अकरा गेले. तेव्हा टपरीवर आणि टीव्हीवर सगळीकडे हीच वजाबाकी चालली होती: ब्रेक लागून लागून अकराच कमी झाले! वजाबाकी बरोबर आहे, पण प्रश्न वजाबाकीचा नाही. गाडीच्या अंगात मुरलेली जी आदळण्याची ताकद, जिला शाळेच्या पुस्तकात गतिज ऊर्जा म्हणतात, ती अकरा टक्क्यांनी नव्हे तर एकवीस टक्क्यांनी उतरली होती. ती वेगाच्या मागे चालत नाही, वेगाच्या वर्गाच्या मागे चालते. शंभराचा वर्ग दहा हजार, एकोणनव्वदचा सात हजार नऊशे एकवीस. म्हणजे ब्रेकने आपलं काम दिसतं त्याच्या दुप्पट केलं होतं. आणि तरीही एकोणऐंशी टक्के ऊर्जा शिल्लक होती. ती कठड्यावर, पत्र्यावर आणि माणसांच्या शरीरांवर खर्ची पडली.

हा वर्ग येतो कुठून, त्यावरून विद्वानांत किती वाद झाले, आणि आच्छाडजवळच्या गुजरात सीमेपासून मेंढवण खिंडीपर्यंतच्या रस्त्यावर तो कुठे कुठे आडवा येतो, ते एकदा नीट पाहायला हवं. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन, हे मुलं पाठ करतात, दोन गुण मिळवतात आणि अठरा वर्षं पूर्ण होण्याआधीच मोटारसायकलला किक मारतात. पाठ झालेला वर्ग हाताच्या मुठीपर्यंत उतरत नाही.

आकडे असे फसवतात, हे डहाणू-तलासरीच्या लोकांना खरं तर वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. घराबाहेर ताडपत्रीखाली रात्री काढलेल्या माणसांना तीनचा धक्का आणि चारचा धक्का यात ‘एकाचा’ फरक नसतो, हे अंगाने कळलेलं आहे. भूकंपाच्या मापात एक अंक वर गेला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. वेगाचं माप इतकं उग्र नाही, पण जात तीच. वेगमापकाच्या तबकडीवर वीस, चाळीस, साठ, ऐंशी या खुणा सारख्या अंतरावर छापलेल्या असतात. त्या छपाईनेच निम्मा घोळ केला आहे.

मग ती तबकडी कशी वाचावी? माझा उपाय गावठी आहे. बोर्डी-घोलवडकडे चिकूच्या वाड्यांच्या कडेने ताडाची झाडं उभी असतात. कमरेला दोर बांधून, मडकं घेऊन वर चढणारा ताडीवाला या भागात सगळ्यांनी पाहिलेला आहे. तो खाली पडला तर काय होईल, हे कुणालाही सूत्राशिवाय कळतं. तर वेग किलोमीटरमध्ये वाचायचाच नाही, उंचीत वाचायचा: या वेगाने आदळणं म्हणजे किती उंचीवरून पडणं? हवेचा अडथळा सोडून दिला तर हिशोब सोपा आहे. पडणाऱ्या वस्तूची उंचीतली ऊर्जा गतीत उतरते. उंची चौपट केली तर वेग दुप्पट होतो.

माणूस चालतो ताशी पाच किलोमीटरने. त्याची उंची निघते दहा सेंटिमीटर, म्हणजे घराची एक पायरीसुद्धा नाही. चालताना खांबाला थडकलो तर टेंगूळ येतं, विषय संपतो. सायकल पंधराने चालली असेल तर ऐंशी-नव्वद सेंटिमीटर, टेबलावरून पडल्यासारखं. माणूस जीव घेऊन वीसच्या वेगाने पळाला, तर दीड मीटरच्या आसपास. इथपर्यंत आपली हाडं, आपले डोळे आणि आपली भीती यांचा एकमेकांशी मेळ असतो, कारण माणसाचं शरीर स्वतःच्या पायांच्या वेगासाठीच घडलं आहे. पुढे मेळ सुटतो. पन्नासला दहा मीटर, म्हणजे तिसऱ्या मजल्याची गच्ची. साठला चौदा. चौसष्टला सोळा मीटर, म्हणजे एक चांगला वाढलेला ताड. ऐंशीला पंचवीस मीटर. शंभरला एकोणचाळीस, म्हणजे एकावर एक अडीच ताड. आणि एकशेवीसला साडेतीन ताड.

यातली मधली अंतरं पाहण्यासारखी आहेत. उभ्या गाडीने वीसचा वेग घेतला, तर ती दीड मीटर चढली. शंभरवरची गाडी एकशेवीसवर गेली, तर ती सतरा मीटर चढली. काटा दोन्ही वेळा वीसच घरं सरकला. हायवेवर पुढच्याला मागे टाकायला ड्रायव्हर जो ‘थोडासा’ पाय दाबतो, तो एक अख्खा ताड असतो. सूर्या पुलाचे दोन आकडे या मापात मांडले, तर ब्रेकने गाडी अडीच ताडांवरून दोनवर आणली होती.

ही युक्ती मला सुचली असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण ती सव्वातीनशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे आणि सगळं भांडणच तिच्यावरून झालं. सतराव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचं म्हणणं असं होतं की हलत्या वस्तूची ताकद म्हणजे तिचं वस्तुमान गुणिले वेग. दुप्पट वेग, दुप्पट ताकद. १६८६ साली जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सने एका छोट्या लेखात त्याला आव्हान दिलं. त्याचा मुद्दा शेतकऱ्यालाही पटावा असा आहे. चार शेर वजन एक हात उचलायला जेवढे कष्ट, तेवढेच एक शेर वजन चार हात उचलायला. मग दोन्ही वजनं खाली सोडली, तर खाली पोचताना दोघांची ताकद सारखी असली पाहिजे. पण गॅलिलिओने आधीच दाखवून दिलं होतं की चौपट उंचीवरून पडलेल्या वस्तूचा वेग चौपट नव्हे, दुप्पटच होतो. एक शेर आणि दुप्पट वेग बरोबर चार शेर आणि एकपट वेग: हे समीकरण वेगाचा वर्ग घेतल्याशिवाय जुळत नाही. लायब्निट्सने या राशीला ‘जिवंत बल’ असं नाव दिलं.

कागदावरचा वाद मातीत उतरवला तो हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाच्या ग्रावेसांडने, १७२२ च्या सुमारास. त्याने पितळेचे गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीवर टाकले आणि पडलेले खड्डे मोजले. दुप्पट वेगाचा गोळा चौपट खड्डा करत होता. गंमत म्हणजे ग्रावेसांड न्यूटनच्या बाजूचा माणूस, आणि न्यूटनवाल्यांना लायब्निट्सचं काही पटवून घ्यायचं नव्हतं. तरी त्याने मातीची साक्ष मान्य केली. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले या बाईने १७४० च्या आपल्या ग्रंथात वर्गाची बाजू जोरकसपणे मांडली. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चा फ्रेंच अनुवाद करणारीही हीच. आपल्याकडच्या क्रमिक पुस्तकांत तिचं नाव येत नाही, ते यायला हवं.

वाद मिटला तो मात्र कुणी हरून नव्हे. दोन्ही पक्ष वेगळ्या गोष्टी मोजत होते. ठरावीक जोराने ब्रेक लावला तर गाडी थांबायला किती वेळ लागेल, असं विचाराल तर उत्तर वेगाच्या पटीत येतं. ती देकार्तची रास, आज आपण तिला संवेग म्हणतो. पण किती अंतर लागेल, असं विचाराल तर उत्तर वर्गाच्या पटीत येतं, ती लायब्निट्सची. पुढे १८२९ मध्ये फ्रेंच गणिती कोरिओलिसने कार्याची व्याख्या पक्की करताना वर्गाच्या मागे तो ‘भागिले दोन’ लावला, आणि ‘गतिज ऊर्जा’ ज्याचं भाषांतर आहे ते इंग्रजी नाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिनच्या हातून रुळलं.

वेळ आणि अंतर यांतला हा भेद नीट समजला की वर्गाचं गूढ राहत नाही. गाडी दुप्पट वेगात आहे. सारख्याच ब्रेकने तिला थांबायला दुप्पट वेळ लागणार, हे उघड आहे. आणि त्या दुप्पट वेळात तिचा सरासरी वेगही दुप्पट असणार. दुप्पट वेळ गुणिले दुप्पट वेग म्हणजे चौपट अंतर. बस्स. वर्ग म्हणजे वेगाने दोनदा केलेली वसुली, एकदा वेळेच्या खात्यातून आणि एकदा अंतराच्या.

कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची गाडी पन्नासच्या वेगातून साधारण चौदा मीटरमध्ये थांबते, शंभरमधून पंचावन्न मीटरमध्ये. ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एक सेकंद त्यात धरलेला नाही. तो पन्नासला आणखी चौदा मीटर खातो, शंभरला अठ्ठावीस. पावसात रस्त्याची पकड अर्ध्यावर आली की ब्रेकचं अंतर पुन्हा दुप्पट.

पण याहून अंगावर काटा आणणारी गोष्ट वेगळी आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी धावताहेत, एक सत्तरने, दुसरी शंभरने. समोर म्हैस आडवी येते. दोघी एकाच क्षणी, एकाच रेषेवर, सारख्याच जोराने ब्रेक लावतात. सत्तरची गाडी म्हशीच्या नाकाशी येऊन थांबते. त्या ठिकाणी शंभरच्या गाडीचा वेग किती असेल? मी हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारून पाहिला आहे. उत्तर येतं तीस. काही सावध माणसं चाळीस म्हणतात. खरं उत्तर एकाहत्तर. दहा हजारातून चार हजार नऊशे गेले, उरले पाच हजार शंभर, त्याचं वर्गमूळ एकाहत्तर. जेवढ्या अंतरात पहिली गाडी पूर्ण थांबली, तेवढ्यात दुसरीचा वेग एकोणतीसनेच उतरला. ब्रेकचा बहुतेक परिणाम शेवटच्या काही मीटरमध्ये दिसतो, आणि अपघात होतो तेव्हा नेमके तेच मीटर हातात नसतात. शंभरवरून एकोणनव्वदवर यायला पूर्ण दाबलेल्या ब्रेकला कोरड्या रस्त्यावर अकरा-बारा मीटर पुरतात. सूर्या पुलाशी नक्की काय आणि कसं झालं, हे या हिशोबातून ठरत नाही. फक्त वेगाच्या वरच्या टोकाला मीटर किती झपाट्याने संपतात ते दिसतं.

सूत्रात वस्तुमानही आहे, त्याची बाजू थोडक्यात. वस्तुमान दुप्पट तर ऊर्जा दुप्पट. तिथे वर्ग नाही. तपासणी नाक्यांवर ट्रक वजनकाट्यावर घेतात, जादा माल असेल तर दंड होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण दहा टक्के जादा मालाने ऊर्जा दहा टक्के वाढते, तर दहा टक्के जादा वेगाने एकवीस. काट्यावर पकडला जाणारा गुन्हा सूत्राच्या दृष्टीने धाकटा आहे, थोरला पुढे चारोटीच्या दिशेने निघून जातो. अर्थात चाळीस टनांचा भरलेला ट्रक चाळीसच्या संथ वेगातही इतकी ऊर्जा बाळगून असतो की दीड टनाच्या मोटारीला तिच्याशी बरोबरी करायला ताशी दोनशेच्या वर धावावं लागेल. त्यामुळे ‘ट्रक हळूच तर चाललाय’ यावर फार विसंबू नये.

दोन वर्गांचा सगळ्यात गोड मेळ पोरांच्या गलोलीत आहे. रबर दुप्पट ताणलं की त्यात साठलेली ऊर्जा चौपट होते, कारण तिथेही वर्गच आहे. ती दगडाला मिळाली की दगडाचा वेग दुप्पट. एका वर्गाने दुसरा वर्ग खाल्ला आणि पोराला साधा सरळ हिशोब हाती आला: जेवढं ताणशील तेवढं पळेल. हायवेवर असा दुसरा वर्ग मदतीला येत नाही.

ऊर्जा किती, हे कळल्यावरही माणूस वाचेल की नाही हे ठरत नाही. ती किती अंतरात खर्च होते, त्यावर ते ठरतं. ताडावरून पडणारा गवताच्या गंजीवर पडला की कातळावर, हाच प्रश्न. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात एकोणनव्वदच्या वेगाला सुमारे एकवीस हजार ज्यूल ऊर्जा असते. गाडी थांबली तरी ती ऊर्जा त्याच्या अंगातच असते; पट्टा नसेल तर तो समोरच्या आसनावर आदळेपर्यंत त्याच वेगाने जात राहतो. अर्ध्या मीटरमध्ये थांबला, तर सरासरी बल चार टनांच्या वजनाहून जास्त. पट्टा त्याला गाडीशी बांधतो, म्हणजे गाडीचं चेपणारं नाकसुद्धा त्याच्या वाट्याला येतं, थांबायचं अंतर वाढतं आणि बल त्याच प्रमाणात उतरतं. मिस्त्री आणि त्यांच्या सहप्रवाशाने मागे पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं होतं. मागच्या पट्ट्याचा नियम तेव्हाही होताच, कुणी तो पाळत नव्हतं. त्या अपघातानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागचे पट्टे सक्तीचे केले. पुलाच्या तोंडाशी धडक शोषून घेणारे अडथळेही बसवले गेले. असा अडथळा ऊर्जा नाहीशी करत नाही. ती अर्ध्या मीटरऐवजी दोन-तीन मीटरवर पसरतो. तीन मीटर मिळाले तर चार टनांचे सात-साडेसातशे किलो होतात. कातळाच्या जागी गंजी, एवढाच त्याचा अर्थ.

गाड्यांच्या जाहिरातींतल्या ताऱ्यांचंही या निमित्ताने सांगायला हवं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली. तिच्यात समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरला घेतात, म्हणजे बरोबर एका ताडाला. पाच तारे मिळाले ते एका ताडासाठी. त्याच गाडीत बसून शंभरने जाणाऱ्याकडे अडीच ताड आहेत. त्यांना तारे कुणी दिलेले नाहीत. विक्रेता हे सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही.

एक गैरसमज मात्र उलट्या बाजूचा आहे. पन्नासच्या दोन सारख्या गाड्या समोरासमोर भिडल्या, तर ते शंभरने भिंतीवर आदळण्यासारखं असतं, असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. दोन्ही गाड्यांची ऊर्जा मिळून पन्नासच्या दुप्पट होते, चौपट नाही, आणि ती चेपायला दोन गाड्यांची नाकं असतात. प्रत्येकीला ते पन्नासने भिंतीवर आदळल्यासारखंच असतं. समोरून मोटारीऐवजी ट्रक आला की ही बरोबरी मोडते आणि हलक्या गाडीच्या वाट्याला जास्त येतं.

आता अभ्यासकांकडे वळू. वेग आणि अपघाती मृत्यू यांचा सगळ्यात उद्धृत केला जाणारा संबंध स्वीडनच्या योरान निल्सनने मांडला. रस्त्यावरचा सरासरी वेग बदलला की जीवघेणे अपघात वेगाच्या साधारण चौथ्या घाताने बदलतात. वर्गावर पुन्हा वर्ग. म्हणजे सरासरी वेग पाच टक्क्यांनी घटवला तर जीवघेणे अपघात सुमारे वीस टक्क्यांनी घटतात. जागतिक आरोग्य संघटना हेच दुसऱ्या तोंडाने सांगते, की सरासरी वेग एक टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्के वाढतो. नॉर्वेच्या रूने एल्विकने नंतर हा घात सगळीकडे सारखा नसतो, शहरात वेगळा आणि मोकळ्या रस्त्यावर वेगळा असतो, असं दाखवलं. मला ही दुरुस्ती महत्त्वाची वाटते, कारण चौथा घात हा भौतिकशास्त्राचा नियम नव्हे. ऊर्जेचा वर्ग निसर्गाचा आहे; त्यावरची वाढ माणसाच्या डोळ्यांची, पायांची आणि रस्त्याची आहे. पायी चालणाऱ्याला मोटारीची धडक बसली, तर पन्नासऐवजी पासष्टच्या वेगाला मृत्यूची शक्यता साडेचार पट होते, हाही त्याच संघटनेचा आकडा. वर्गाने ती दीड-पावणेदोन पट व्हायला हवी होती. शरीराला एक उंबरठा असतो आणि तो याच पंधरा किलोमीटरच्या आत कुठेतरी लागतो.

भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे त्यांतल्या सुमारे एकाहत्तर टक्के मृत्यूंच्या पुढे कारण म्हणून अतिवेग लिहिलेला आहे. पोलिसांच्या नोंदीतला ‘अतिवेग’ म्हणजे पुष्कळदा दुसरं कारण न सापडल्याची खूण असते, हे मान्य करूनही आकडा लहान होत नाही. घोडबंदर ते दापचरी या सुमारे शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत २६२ अपघातांत ६२ जणांचा जीव गेल्याचं महामार्ग पोलिसांच्या हवाल्याने छापून आलं होतं.

स्वीडनने १९९७ मध्ये रस्त्यांसाठी एक धोरण स्वीकारलं, त्याचा पाया हा वर्गच आहे. जिथे माणसं पायी ओलांडतात तिथे वाहनाचा वेग तीस, जिथे बाजूने धडक बसू शकते तिथे पन्नास, जिथे समोरासमोर येऊ शकतात तिथे सत्तर. ताडाच्या भाषेत सांगायचं तर माणूस जिथे उघड्या अंगाने उभा आहे तिथे साडेतीन मीटरच्या वर कुणी चढायचं नाही. आपल्याकडे दुभाजक असलेल्या चौपदरी वा त्याहून रुंद रस्त्यावर मोटारींना शंभरची मुभा आहे. मुंबई-अहमदाबाद रस्ता, जुना आठ नंबर आणि आताचा अठ्ठेचाळीस, असाच रस्ता आहे. पण तो तलासरीच्या बाजाराच्या बगलेतून जातो, महालक्ष्मीच्या यात्रेच्या गर्दीजवळून जातो, पाड्यांमधून जातो. रस्त्याच्या एका अंगाला घर आणि दुसऱ्या अंगाला शाळा असलेली पोरं अडीच ताडांच्या खालून रोज ओलांडतात. त्या रस्त्याला महामार्ग म्हणायचं की गावची वाट, हे आपण ठरवलेलंच नाही, आणि माझ्या मते इथला खरा दोष तोच आहे. ड्रायव्हरला शिव्या देणं सोपं पडतं.

वर्ग रस्त्यापुरता नाही. वाऱ्याचा दाबही वेगाच्या वर्गाने चालतो. ताशी पन्नासचा वारा भिंतीच्या एक चौरस मीटरवर बारा किलो वजनाएवढा रेटतो, शंभरचा अठ्ठेचाळीस किलोएवढा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेलं. साध्या सोसाट्याच्या वाऱ्यात वर्षानुवर्षं टिकलेले पत्रे वादळात का उडतात, याचं उत्तर बारा आणि अठ्ठेचाळीस यांच्या फरकात आहे. चिकूच्या बागाईतदाराला हे ठाऊक असतं; तो त्याला वर्ग म्हणत नाही, इतकंच.

रेल्वेची गोष्ट थोडी सुखाची आहे, कारण तिथे वर्ग परतही मिळतो. १६ एप्रिल २०१३ ला विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत आली. मुंबईच्या नव्या लोकल ब्रेक लावताना मोटारीच जनित्रासारख्या फिरवतात आणि गतिज ऊर्जेचा एक भाग वीज करून तारेत परत सोडतात. पालघर, बोईसर, वाणगाव असं दर स्टेशनला थांबणाऱ्या गाडीला हे फार सोयीचं. मोटारीच्या ब्रेकच्या चकत्या तीच ऊर्जा तापून वाऱ्यावर सोडून देतात. त्याच रुळांवर ३० सप्टेंबर २०२२ पासून मुंबई-गांधीनगर वंदे भारत धावू लागली आणि महिन्याभरात तिने तीनदा गुरांना धडक दिली, तिसऱ्यांदा उंबरगावच्या पुढे, वलसाडजवळच्या अतुल स्थानकापाशी. दर वेळी गाडीच्या पुढच्या नाकाला मार बसला आणि लोक हसले. गाडीच्या बांधणीला हसण्यापेक्षा हिशोब करायचा: एकशेतीसच्या वेगाने गेलेली गाडी उभ्या म्हशीला भिडते, तेव्हा त्या नाकाच्या नजरेने म्हैसच चार ताडांवरून खाली आलेली असते. वेग नेहमी कुणाच्या तरी नजरेने असतो. गाडीत बसलेल्याच्या हातातला चहा त्याच्यापुरता स्थिर असतो, त्याची ऊर्जा शून्य असते; ती मोजली जाते ते बाहेरचं काही आडवं आल्यावर. रेल्वेने मग मार्गाच्या कडेने पत्र्याचं कुंपण घातलं, ते शहाणपणाचं झालं.

आता याच तलासरी-डहाणूच्या शेतांवरून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे खांब उभे राहताहेत, आणि दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा फाटाही याच तालुक्यांतून उतरतो. द्रुतगती मार्गावर मोटारींची मर्यादा एकशेवीस, म्हणजे साडेतीन ताड. बुलेट ट्रेन ताशी ३२० ने धावायची आहे. तिची उंची चारशे मीटर निघते, पंचवीस ताड. म्हणून तिच्या वाटेत फाटक नाही, पाऊलवाट नाही. बहुतेक मार्ग जमिनीपासून उचलून खांबांवर ठेवलेला आहे. त्या खांबांच्या मधून पेंढा भरलेली एखादी बैलगाडी गेली, तर तिचा वेग ताशी चार किलोमीटर असेल आणि तिची उंची सहा सेंटिमीटर, आडवी धरलेली चार बोटं.